‘मिळेल ते खातात’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण पोकळ नाही. म्हणून ‘आभारी आहे’ एवढंच लिहून सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: देवमाशांच्या ‘खाद्यसंस्कृती’वरचा माझा लेख (काय खायचं हे ते आपल्या समूहाकडून शिकतात, असं मी त्यात म्हटलं होतं) म्हणजे जनावरांना माणसाचे कपडे चढवणं. प्राणी मिळेल ते खातो, उरलासुरला फरक जनुकांचा. आणि लेखातला ऑर्का, म्हणजे ‘किलर व्हेल’, मुळात देवमासाच नाही, डॉल्फिन आहे.

शेवटचं आधी निकालात काढू. ऑर्का डॉल्फिनच्याच कुळातला, मान्य. पण ते अख्खं कुळच दातवाल्या देवमाशांच्या गटात मोडतं, तेव्हा त्यावरून भांडण नको.

‘मिळेल ते’ हे मात्र पटत नाही. 1970 च्या मार्चमध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेडर बे या खाडीत पाच ऑर्का जाळ्यात अडकवले गेले. दोघांना मत्स्यालयात हलवलं, तिघं खाडीतच राहिले. त्यांना साल्मन दिला, इतर मासे दिले. ते तोंड लावेनात. आठवडे गेले, अंगावरची चरबी उतरून हाडांचे आकार दिसू लागले, समोर ताजे मासे तसेच पडलेले. सुमारे 75 दिवसांनी तिघांतली एक मादी मेली. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या दोघांनी अखेर साल्मन घेतला. पकडणाऱ्यांना काही उमगेना, कारण हे सील आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे सस्तन प्राणी) मारून खाणारे ऑर्का आहेत, मासे त्यांच्या लेखी अन्नच नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे कुणीतरी रात्री जाळं वजनं टाकून बुडवलं आणि दोघं निसटले. नंतर ते दिसले ते पुन्हा सस्तन प्राण्यांच्याच मागावर. नाइलाजाने खाल्लेला मासा, नाइलाज संपताच सुटला.

त्याच पाण्यात दुसरे ऑर्का राहतात, ते फक्त मासे खातात. त्यातही निवड आहे. ते जेवून पुढे गेले की संशोधक होडीतून जाऊन पाण्यावर तरंगणारे माशाचे खवले बारीक जाळीने टिपतात. एका खवल्यावरून माशाची जात कळते. उन्हाळ्यात तिथल्या फ्रेझर नदीकडे सॉकआय जातीच्या साल्मनची झुंबड उडते, तरी हाती येतात ते बहुतेक चिनूक या दुसऱ्या जातीच्या साल्मनचे खवले. चिनूक संख्येने कितीतरी कमी, पण मोठा आणि चरबीदार. तुमच्या नियमाने सॉकआयचे ढीग सापडायला हवे होते.

घरची रीतही वेगळी. मासे खाणाऱ्या ऑर्कांची मुलं, मुलगे धरून, जन्मभर आईसोबत राहतात, आणि आई पकडलेला मासा फाडून वाटते. हे शिकारीतही गप्पा मारत असतात. सील खाणारे तीन-चार जणांच्या टोळीत, चिडीचूप. सीलचे कान तिखट असतात, बोलून शिकार घालवायची नाही.

जनुकांचा मुद्दा निम्मा मान्य. हे दोन प्रकार फार पूर्वीच एकमेकांपासून तुटलेत. 2024 मध्ये त्यांना स्वतंत्र जाती मानावं असा प्रस्तावही आला. पण जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीकडे बघा. तिथल्या छोट्याशा समूहातले काही कुटुंबगट मच्छीमारांच्या गळाला लागलेला ट्यूना पळवतात, बाकीचे स्वतः पाठलाग करून पकडतात. तिथे जनुकांवर बोट कसं ठेवणार? आईच्या मागे पोहत पिल्लू शिकतं, हे उत्तर मला जास्त सरळ वाटतं.

एका ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंत. गॅलापगोस बेटांजवळच्या स्पर्म व्हेल या मोठ्या दातवाल्या देवमाशांबद्दल मी ‘एकाच पाण्यात, वेगळं ताट’ असं लिहिलं होतं. ते घाईचं होतं. तिथे टिकटिक आवाजांच्या बोलीवरून मादी-पिल्लांची वेगवेगळी घराणी ओळखू येतात. बुडी मारताना गळालेली त्यांची कातडी तपासली, तर कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या) प्रमाणात घराण्या-घराण्यांत फरक दिसतो. हे प्रमाण अन्नावरून ठरतं, म्हणजे आहारातही फरक असावा. पण एक घराणं बेटांना धरून नागमोडी फिरतं, दुसरं लांबून सरळ जातं. तेव्हा पाणी तंतोतंत एकच नाही. वाक्य दुरुस्त करतो आहे. मात्र कुठे फिरायचं हीही घराण्याचीच सवय, त्यामुळे ‘जिथे जे मिळतं’ हा मुद्दा तुमच्याही फारसा कामाचा राहत नाही.

राहिला तुमचा टोमणा: ‘भूक लागली की सगळी संस्कृती गळून पडते.’ चिनूक घटल्यामुळे मासे खाणाऱ्यांचा दक्षिणेकडचा समूह 75 च्या आसपास उरलाय. त्यातले बरेच जण हडकलेले दिसतात. आजूबाजूला सील भरपूर. हे ऑर्का कधीकधी पॉरपॉइजना घेरतात, चेंडूसारखे उडवतात, तोंडात धरून फिरतात. 1962 ते 2020 या काळातल्या अशा 78 घटनांची छाननी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 28 पॉरपॉइज मेले. एकही खाल्ला गेला नाही.