दोन वर्षांत उरकलेली डिग्री

आज डिचोलीत एका मुंजीला गेले होते. पंगतीत खतखतं वाढत असताना नात्यातल्या एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पोस्ट बेसिक म्हणजे दोन वर्सांनी डिग्री? बरें आसा गो तुमचें!" लोक हसले. मीही हसले, आणि तेव्हापासून डोकं तापलंय. पोस्ट बेसिक म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या नर्सने पुढे करायची बीएस्सीची डिग्री. मी तीच केलीय.

काका, हिशेब मांडूया. आमच्या वेळी जीएनएम, म्हणजे तो डिप्लोमा, साडेतीन वर्षांचं होतं (आता ३). त्यावर ही २. झाली साडेपाच. बारावीनंतर सरळ बीएस्सी नर्सिंगला गेलेली मुलगी ४ वर्षांत मोकळी होते. मग उरकलं कोणी?

आणि या दोन वर्षांत काय कोंबलंय ते तरी विचारा. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री, बायोफिजिक्स, मायक्रोबायॉलॉजी, आहारशास्त्र, मानसशास्त्र, प्रसूती, बालरोग, मेडिकल-सर्जिकल. वर नर्सिंग फाउंडेशन! वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेल्या बाईने परत चादरीचे कोपरे दुमडून दाखवायचे. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, कम्युनिटी, मानसिक आरोग्य, शिकवायचं कसं, वॉर्ड चालवायचा कसा, आणि सगळ्यांची झोप उडवणारं रिसर्च-स्टॅटिस्टिक्स.

मी नोकरी सोडून गेले होते. फी कोण भरणार? म्हणून शनिवार-रविवारी रात्री म्हापशाला एका निवृत्त शिक्षिकेकडे होम नर्सिंग करायचे. खुब्याचं हाड मोडून बाई अंथरुणाला खिळलेल्या. बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, मधल्या वेळात माझा अभ्यास. एकदा स्टँडर्ड डेव्हिएशनपाशी मला रडूच फुटलं. बाईंनी जन्मभर गणित शिकवलेलं. म्हणाल्या, "वही मिट. दोन कुळागरं धर. दोन्हीकडे माडामागे सरासरी पन्नास नारळ. एकीकडे सगळेच माड पन्नासच्या आसपास. दुसरीकडे कुणाला नव्वद, कुणाला दहा. सरासरी तीच. आता सांग, दोन्ही बागा सारख्या?" झालं. आकडे सरासरीपासून किती विखुरलेत, तेच स्टँडर्ड डेव्हिएशन. कॉलेजात महिनाभर डोक्यावरून जाणारं रात्री अडीचला समजलं.

आणि दिवसा? एका वॉर्डात आम्ही शिकायला आलोय याचा सगळ्यांनाच विसर पडलेला. सलाईन लाव, सॅम्पल लॅबला ने, नातेवाइकांचा आरडाओरडा झेल. "तुला येतं ना, मग कर." अहो, येतं ते करायला कॉलेजात कशाला आले असते? स्टाफ कमी असतो, त्या सिस्टरही पिचलेल्या असतात, मान्य. पण म्हणून शिकणारीला फुकटचा हात समजायचं?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. बाई आठवल्या की असं होतं. माझी परीक्षा जवळ आली की मुद्दाम डोळे मिटून पडायच्या, म्हणजे मी वाचावं. श्वासावरून कळायचं की जाग्या आहेत. नर्सला फसवतात!

कोर्स तीन वर्षांचा करा असं मी म्हणत नाही. पोरंबाळं असलेल्यांना परवडणार नाही. पण फाउंडेशन काढा आणि ते तास स्टॅटिस्टिक्सला द्या. (बरं, फाउंडेशनमध्येही एक-दोन गोष्टी नव्याने कळल्या, खोटं कशाला बोलू.)

यंदा कुणी ॲडमिशन घेत असेल तर माझ्या वह्या घेऊन जा. बायोकेमिस्ट्रीची सोडून. ती जिने नेलीय ती हे वाचतेय, मला माहीत आहे. आणून दे गो बाये.