स्वयंपाकघर बंद पडलं म्हणून अमेरिकेतली घरं मोडली?

तो मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. घरात स्वयंपाक बंद झाला तर काय होईल, अशी सुरुवात. मग सार असं: 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी इशारा दिला होता, की स्वयंपाकघर कंपन्यांच्या आणि म्हातारी माणसं सरकारच्या हवाली केलीत तर कुटुंब संपेल. कुणी ऐकलं नाही. 1971 मध्ये नवरा, बायको, मुलं अशी 71 टक्के घरं होती, आज 20 टक्के उरलीत. घटस्फोट वाढले, रोग वाढले. तेव्हा बाहेरून मागवणं थांबवा आणि हे दहा जणांना पाठवा.

मी रोज स्वयंपाक करते आणि आवडीने करते. ऑफिसच्या दिवशी पोळ्या मात्र कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मेसेजच्या हिशेबाने मी निम्मी गुन्हेगार.

आधी ते 71 टक्के, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याचे आकडे कुणालाही पाहता येतात. 1970 मध्ये तिथल्या साधारण 71 टक्के घरांत विवाहित जोडपं राहत होतं. यात सगळी जोडपी आली: नवी लग्नं झालेली, मुलं नसलेली, मुलं संसाराला लागलेली. घरात अठरा वर्षांखालची मुलं असलेली जोडपी होती सुमारे 40 टक्के. आज हेच दोन आकडे साधारण 47 आणि 18 आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने जुना आकडा पहिल्या रकान्यातून घेतला, नवा दुसऱ्या रकान्यातून, आणि दोघांवर 'नवरा, बायको, मुलं' अशी एकच चिठ्ठी चिकटवली. 71 चे 47 झाले, किंवा 40 चे 18 झाले. दोन्ही घटी मोठ्या आहेत आणि मला त्या झाकायच्या नाहीत. पण 71 चे 20 कुठेच झालेले नाहीत. भाजीवाल्याने जुना भाव किलोचा आणि नवा पावशेराचा सांगून 'बघा, किती स्वस्त झालं' म्हणावं, तसला हा प्रकार.

शिवाय 40 चे 18 झाले त्यात केवळ संसार मोडणं नाही. लग्नं उशिरा होतात, मुलं कमी होतात, माणसं जास्त जगतात. मुलं बाहेर पडली की आईबाप 'मुलं नसलेलं जोडपं' या खात्यात जातात आणि दोघांतलं एक गेलं की मागे राहिलेलं 'एकटं' या खात्यात. हीच फूटपट्टी आमच्या मजल्यावर लावून पाहिली. चार दारं. तीन घरांत फक्त आजी-आजोबा. मुलं बंगळुरूला, पुण्याला, न्यू जर्सीला. तिन्ही घरांत रोज कुकरच्या शिट्ट्या होतात, वरणाला फोडणी बसते. मेसेजच्या हिशेबात ही तिन्ही घरं संपलेली आहेत.

आता ते अर्थतज्ज्ञ. त्यांना नाव नाही, पुस्तक नाही, विद्यापीठ नाही. इशारा कुठे दिला तेही नाही. त्याहून गंमत सालाची आहे. अमेरिकेतला घटस्फोटांचा दर साठच्या दशकापासून चढत गेला आणि 1980-81 च्या सुमारास कळसाला पोचला: हजार लोकांमागे वर्षाला 5.3 घटस्फोट. तिथून तो उतरतोच आहे. 2022 मध्ये 2.4 होता. लग्नंही कमी झाली, हे खरं. त्यामुळे या उताराला मी सुखाचा पुरावा म्हणणार नाही. पण याच चाळीस वर्षांत अमेरिकी माणसाचं बाहेरचं खाणं वाढत गेलं. तयार जेवणाने संसार मोडत असते तर दोन्ही रेषा एकाच दिशेने जायला हव्या होत्या. चढ आला त्या काळात काय घडत होतं, ते इतिहासात आहे: बायका पगारावर गेल्या, गर्भनिरोधक गोळी आली, आणि कुणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा 1970 पासून कॅलिफोर्नियात लागू झाला, मग तो एकेका राज्यात पसरला. नको असलेल्या लग्नातून बाहेर पडायची वाट उघडली. त्याचं खापर पिझ्झ्यावर फोडायचं?

आमच्या ग्रुपवरच्या आवृत्तीत जपानही आहे: तिथले लोक घरचंच खातात म्हणून शंभरी गाठतात. झटपट नूडल्स 1958 मध्ये जपानमध्येच जन्मल्या. चोवीस तास उघड्या दुकानांतून भात-माशाचा तयार डबा घेऊन जाणं ही तिथली रोजची गोष्ट आहे आणि 2020 च्या जनगणनेत 38 टक्के घरं एकट्या माणसाची होती. मेसेजच्या तर्काने जपान कधीच बुडायला हवा होता.

'आपल्याकडे पूर्वी सगळं घरीच व्हायचं.' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं माळ्यावर गेलं. ओव्या गेल्याची हळहळ आम्हा नातवंडांना. आजीला कधी वाटलेली मी ऐकली नाही. तेल तेव्हाही घाण्यावरून यायचं, फरसाण आणि जिलबी हलवायाकडून. कुरडया-पापड घरचे खरे, पण त्याला आळीतल्या दहा बायका लागत आणि वैशाखातले आठ दिवस. ते हात आता ऑफिसात आहेत. पुढे डालडाही त्याच 'घरच्या' स्वयंपाकात आला आणि सणासुदीला डबेच्या डबे संपले. त्यातली ट्रान्स फॅट ही हृदयाला घातक चरबी, हे कळायला आपल्याला अर्धं शतक लागलं. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली ती 2022 मध्ये.

आणि मुंबई? गिरणगावातला कामगार कोकणातून, घाटावरून एकटा यायचा. बायको-मुलं गावी, हा गाळ्यात पाच-पंचवीस जणांबरोबर, आणि जेवण खानावळीत. पिढ्यान्‌पिढ्या. घरच्या चुलीपासून शेकडो मैलांवर जेवणारी ही माणसं महिन्याला मनीऑर्डर करत होती, गणपतीला, शिमग्याला गावी जात होती. कुटुंबं हलाखीत होती, पण होती. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकाच होत्या, अनेकींचा संसार त्या जेवणावळीवर चाले. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 'बाहेरचं जेवण' म्हणजे कंपनी, हे समीकरण मेसेज लिहिणाऱ्याचं. आपल्याकडे 'बाहेरचं' म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या बाईच्या हातचं.

इथेच मेसेजमधला एकमेव खरा मुद्दा वाया गेलाय. कारखान्यातल्या काही खाण्याची भीती बाळगण्याजोगी आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, मीठ, चरबी सारखंच. खायचं किती ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाकीटछाप ताटावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलोने वाढली. माणसं थोडी, काळ थोडा. पण प्रयोग चोख होता. आपल्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि तिच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2024 च्या आहारविषयक सूचनांत असलं खाणं कमी करा, असं स्पष्ट म्हटलंय.

पण 'असलं' म्हणजे कसलं? पोहे, कुरमुरे, दही, दळलेलं पीठ, सोललेला लसूण यांवरही प्रक्रिया झालेलीच असते. घातक गट वेगळा आहे: बिस्किटं, चिप्स, झटपट नूडल्स, शीतपेयं, घरच्या डब्यात नसतात असे घटक घालून चवीला चटावणारं खाणं. पोळीभाजी केंद्रातली ज्वारीची भाकरी त्यात बसत नाही. चहाबरोबरचा बिस्किटाचा पुडा बसतो, आणि तो वरण-भात रांधणाऱ्या घरांतच फुटतो. मेसेजने भाकरी आणि कोल्ड्रिंक एकाच पोत्यात घातली आणि पुड्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: स्वयंपाकघर पुन्हा चालू करा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष 88 मिनिटं, आणि ही सरासरी फक्त करणाऱ्यांची. अशी कामं करणारे पुरुष चारांत एकाच्या आसपास. अख्ख्या मेसेजमध्ये स्वयंपाकघर चालू ठेवा, शिजवा, वाढा अशी क्रियापदं भरपूर आहेत. कर्ता एकाही वाक्यात नाही.

तेवढंच मी ग्रुपवर विचारलं: कोणी? मेसेज टाकणाऱ्या काकांनी अंगठा दाखवला. काकूंचा वेगळा मेसेज आला, फक्त मला: 'त्या पोळीभाजी केंद्राचा नंबर दे गं. भाकरी संध्याकाळीही मिळते ना?'