दूध फाटलं ते माझ्या चुकीने: संत्र्याच्या फ्रेंच टोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. उत्तर लगेच दिलं नाही, कारण आधी स्वतः करून बघायचं होतं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझी संत्र्याच्या फ्रेंच टोस्टची कृती वाचून या भाऊंनी ऑक्टोबरात घरी तो करून पाहिला. दूध फाटलं, वरचा रस कडू झाला, पोरांनी ताटल्या बाजूला सारल्या. त्यावर त्यांनी लिहिलं आहे, "संत्रा सोलून खायचा असतो, शिजवायचा नसतो. आमच्या खेड्यात सकाळी पोहे खातात, नाहीतर माय रात्रीची भाकर दुधात कुस्करून द्यायची. हे शहरातले चोचले आम्हाला शिकवू नका."

आधी दुधाचं बोलते. चूक माझी आहे. मी लिहिलं होतं, "दूध, अंडी आणि संत्र्याचा रस एकत्र फेटा." मी ते केलं होतं डिसेंबरच्या शेवटी, आमच्याच झाडाच्या पिकून गोड झालेल्या अंबिया बहाराच्या (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याच्या) संत्र्यावर. रसही जेमतेम दोन चमचे होता. तो दुधाला सोसला. तुम्ही केलंत ऑक्टोबरात. तेव्हा बाजारात येतो तो हिरवट सालीचा, दिवाळीच्या भावासाठी घाईने तोडलेला माल. त्यात आंबटपणा भरपूर. एवढा आंबट रस दुधात गेला की दूध फाटणारच, लिंबू पिळून पनीर करतो तसंच. महिना न सांगता कृती लिहिणं ही माझी हयगय झाली. संत्र्याच्या पट्ट्यात राहून तर ती व्हायलाच नको होती. तुमचं दूध, अंडी आणि सकाळ वाया गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

कडूपणाचं कारण वेगळं आहे. संत्रे मिक्सरमधून काढले आणि रस दहा मिनिटं उकळून आटवला, असं तुम्हीच लिहिलं आहे. नागपुरी संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं. ताजं खाताना ते कडू लागत नाही. पण बिया-पापुद्रे चिरडले गेले आणि रस तसाच राहिला, की आंबटपणामुळे त्याचं लिमोनिन तयार होतं आणि ते जिभेला सरळ कडू लागतं. उष्णतेने हे काम आणखी लवकर होतं. सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडवट का लागतो, त्याचं उत्तरही हेच. नागपुरी संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्यांच्या डोक्याला हा ताप जुनाच आहे. त्यामुळे "संत्रा शिजवायचा नसतो" हे तुमचं म्हणणं रसापुरतं मला मान्य आहे. सालीचं मात्र तसं नाही, आणि टोस्टची खरी चव सालीतच आहे.

लहानपणी आपण सगळ्यांनीच साल दुमडून दिव्याच्या ज्योतीसमोर दाबली असेल. तडतड करून बारीक ठिणग्या उडायच्या. शेजारच्या पोराच्या डोळ्यांत पिळली की तो बोंबलत माईकडे पळायचा. ते तेल. सालीच्या नारिंगी भागात त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, आणि संत्र्याचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे तो बहुतेक त्यांच्यातूनच येतो. या तेलात आंबटपणा नाही, म्हणून दूध फाटत नाही. शिवाय ते दुधाच्या स्निग्धात छान उतरतं. अंड्याचा वास ज्यांना सोसत नाही, त्यांनाही तो मग जाणवत नाही. आमच्या सासूबाई अंड्याच्या भांड्याजवळ येत नाहीत, पण साल घातलेलं मिश्रण त्यांनी जवळ घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "याले त बागेचा वास येऊन राह्यला."

काल सकाळी पुन्हा केलं ते असं. संत्रा न सोलता कोमट पाण्यात धुऊन घट्ट पुसला. बाजारातला असेल तर त्यावर मेण चढवलेलं असतं, तेव्हा पाणी जरा जास्त गरम घ्या आणि चोळून धुवा. नुकतीच फवारणी झालेल्या झाडाचं फळ सालीसाठी घेऊ नका. मग आल्याच्या बारीक किसणीवर अगदी हलक्या हाताने फिरवला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती किसणीखाली सरकते, म्हणून फळ तळव्यात गच्च धरायचं आणि एका जागी दोनच फेरे द्यायचे. खाली पांढरं दिसलं की थांबायचं, पांढरा भाग कडू असतो. एका संत्र्याचा पाऊण चमचा कीस निघतो, तेवढा पुरे. तो दोन चमचे साखरेत बोटांनी चोळला. साखर ओलसर, पिवळी झाली आणि सगळं स्वयंपाकघर घमघमलं. या चोळण्यात कसूर करू नका, तेल त्यानेच सुटतं.

त्यात दोन अंडी, एक कप दूध, चिमूटभर मीठ. रसाचा थेंबही नाही. ब्रेडच्या सहा स्लाइस, त्याही कालच्या. ताजा ब्रेड या मिश्रणात लिबलिबीत होऊन उचलताना तुटतो. आमच्या गावात बेकरीचा माल तालुक्याहून एक दिवसाआड येतो, त्यामुळे शिळा ब्रेड मिळण्याची अडचण कधीच नसते. एक बाजू अर्धा मिनिट, दुसरी अर्धा मिनिट भिजवायची, आणि तव्यावर लोणी किंवा तूप टाकून मंद आचेवर भाजायचं. आच मोठी झाली तर वरून करपतं आणि आत अंडं कच्चं राहतं.

वरच्या रसाची रीत मी आता पूर्ण बदलली आहे. चार चमचे गूळ किंवा साखर आणि दोन चमचे पाणी उकळून पाक घट्ट करायचा, भांडं खाली उतरवायचं आणि मग हाताने पिळलेला, गाळलेला ताजा रस त्यात घालायचा. गॅसवर परत ठेवायचं नाही. फोडींचे पापुद्रे काढून, बिया टाकून आतला गर तसाच वर पसरायचा आणि लगेच वाढायचं. काल कडवटपणा अजिबात नव्हता.

अंडं चालत नसेल त्यांनी एक कप दुधात दीड चमचा कस्टर्ड पावडर कालवावी. बेसन मी करून पाहिलं, पण त्याच्यापुढे संत्र्याची चव टिकत नाही.

आता चोचल्यांबद्दल. हे मला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. "फ्रेंच" या शब्दामुळे हा पदार्थ हॉटेलातला वाटतो. खुद्द फ्रान्समध्ये त्याचं नाव आहे "पॅं पेर्द्यू", म्हणजे हरवलेला, वाया गेलेला पाव. कडक झालेला पाव फेकवत नाही, म्हणून दुधा-अंड्यात भिजवून भाजायचा, एवढीच त्याची कुळकथा. तुमच्या माईने रात्रीची भाकर दुधात कुस्करली, ती याच विचाराने. आपली फोडणीची पोळीही त्याच घरातली. तुम्ही मला उत्तर म्हणून जो कुस्करा दाखवलात, तो या टोस्टचा सख्खा भाऊ आहे. (आपल्याकडे नुसतं टोस्ट म्हटलं की चहात बुडवायचा कडक टोस्ट डोळ्यांपुढे येतो. काही जणींनी तोच भिजवायचा का, असं विचारलं होतं. नाही, साधा ब्रेड घ्या.)

आणि पोह्यांच्या जागी हा ठेवा, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आमच्याकडेही सकाळी पोहेच होतात. माझं म्हणणं संत्र्याबद्दल आहे. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या सगळ्या पट्ट्यात घराला लागून बागा आहेत. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपल्या चुलीजवळ संत्रा येतो का? कैरीचं लोणचं, पन्हं, साखरआंबा, आंबापोळी; कैरीच्या कोयीपासून पिकल्या रसापर्यंत काही सोडलं नाही आपण. संत्र्याची बर्फी आहे, पण ती नागपूरच्या दुकानातून पाहुणे येताना आणतात. घरात संत्रा सोलायचा, खायचा आणि साल उकिरड्यावर. ज्या फळासाठी घरातला माणूस रात्री वीज आली की ओलिताला वावरात जातो, त्याची साल तरी वाया जाऊ नये असं मला वाटतं.

मागच्या वर्षी आमची बाग उक्ती, म्हणजे झाडावरच्या सगळ्या फळांचा एकरकमी सौदा करून, ठरली होती. तोडणीच्या तोंडावर व्यापाऱ्याने बाग सोडली. फळगळ सुरू झाली. ढिगातली चुरी, म्हणजे बारीक, कमी भावाचं फळ, बघायलाही कोणी आलं नाही. तेव्हा आठवडाभर मी रोज पाटीभर चुरी घरात आणत होते आणि काय काय करता येईल ते करून बघत होते. हा टोस्ट त्या आठवड्यातला आहे. त्याने बागेचा तोटा भरून निघाला नाही, निघणारही नव्हता. पण पोरं चुलीभोवती बसून "आणखी एक" म्हणत होती, आणि ते फळ आमच्याच झाडाचं होतं.

जुनी कृती मी आजच दुरुस्त केली आहे, महिन्यासकट. तुम्ही पुन्हा करणार असाल तर डिसेंबर लागू द्या, किंवा मृग बहाराच्या (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याच्या) फळासाठी फेब्रुवारीपर्यंत थांबा. आणि एक विनंती. माई असतील तर त्यांना विचारून तो दुधातला कुस्करा कसा करायचा ते लिहाल का? भाकर ज्वारीचीच ना, आणि दूध गरम की निवलेलं? आमच्याकडे सोमवारी तोडणी आहे. चुरी वेगळी ठेवायला सांगितली आहे, तिचा कीस घालून तो कुस्करा मला करून बघायचा आहे.