‘ओहतानीचं कार्ड म्हणजे एका जागेत दोन खेळाडू’: हा हिशेब कुठे चुकतो

स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉल (खऱ्या खेळाडूंच्या एका मोसमाच्या कामगिरीवरून छापलेली कार्डं आणि फासे घेऊन खेळायचा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांमध्ये, बॅटिंग आणि पिचिंग (चेंडू टाकणं) दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीच्या 2023 च्या कार्डाबद्दल एक हिशेब वारंवार फिरतो. बॅटिंगचं वॉर (म्हणजे कामचलाऊ बदली खेळाडूच्या तुलनेत मिळवून दिलेले जास्तीचे विजय) सुमारे 6, पिचिंगचं सुमारे 4, बेरीज 10. एका जागेत दोन तारे बसतात, डीएचचा (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूचा) प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत) पहिली निवड त्याचीच आणि अदलाबदलीत त्याच्यासाठी दोन चांगले स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) द्यावे लागले तरी बिनधास्त द्या. खेळाडू म्हणून ओहतानी असामान्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कार्डाची किंमत अशी काढली तर सौदा हमखास महागात पडतो.

आधी ‘त्याच्या कार्डावर निम्म्याहून जास्त निकाल बेसवर नेणारे आहेत, म्हणजे तो निम्म्या वेळा बेसवर जाणार’ हा भाग घेऊ. या खेळात एक पांढरा फासा रकाना ठरवतो. 1 ते 3 आला तर बॅटरचं कार्ड वाचायचं, 4 ते 6 आला तर पिचरचं. मग दोन लाल फाशांची बेरीज बघायची. प्रत्येक रकान्यात 36 शक्यता, म्हणजे एकूण 216. त्यातल्या 108 बॅटरच्या आणि 108 पिचरच्या. 2023 मध्ये ओहतानीचं ऑन-बेस (बॅटिंगला आल्यावर बाद न होता बेसवर जाण्याचं प्रमाण) .412 होतं. 216 पैकी हे 89 होतात. त्या वर्षी लीगची सरासरी .320 होती, म्हणजे सरासरी पिचरच्या कार्डावर अशा साधारण 35 शक्यता. 89 मधून 35 वजा केल्या की ओहतानीच्या स्वतःच्या कार्डावर 54 उरतात, 108 च्या बरोबर निम्म्या. (हे आकडे त्या मोसमाच्या कामगिरीवरून काढलेले आहेत. छापील कार्डावर डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसाठी वेगळे रकाने असतात, होम रनच्या काही शक्यता मैदानावरही अवलंबून असतात, त्यामुळे थोडा फरक पडतो.)

पण उरलेल्या निम्म्या फेका समोरच्याच्या कार्डावर जातात, आणि ड्राफ्ट लीगमध्ये समोर सरासरी पिचर क्वचितच असतो. आठ-दहा संघांनी सगळ्या मेजर लीगमधले उत्तम पिचर वाटून घेतलेले असतात. समोरच्या कार्डावर 35 ऐवजी 24 शक्यता असल्या की ओहतानीचं ऑन-बेस 78 भागिले 216, म्हणजे साधारण .361 होतं. हेही उत्तमच आहे, पण .412 समजून दिलेली किंमत वसूल होत नाही. अख्ख्या मोसमाची रिप्ले करत असाल (म्हणजे खऱ्या संघांसह तो मोसम पुन्हा खेळत असाल) तर .412 च्या आसपास येईल. म्हणून आपण कुठल्या प्रकारच्या लीगमध्ये खेळतो आहोत हे आधी बघायचं.

आता बेरजेकडे. वॉर ज्या बदली खेळाडूशी तुलना करतं, तो तुमच्या लीगमध्ये अस्तित्वातच नाही. तुमची तुलना बाकावर बसलेल्या खऱ्या कार्डाशी हवी. डीएच ही जागा भरायला सगळ्यात सोपी: जोरदार बॅट असलेला पण लेफ्ट फील्डमध्ये 5 रेंजचा, म्हणजे सगळ्यात वाईट क्षेत्ररक्षक, ड्राफ्टच्या उशिराच्या फेऱ्यांतही मिळतो. असा .340 ऑन-बेसचा बॅटर घेतला तर त्याच पद्धतीने त्याच्या कार्डावर सुमारे 38 शक्यता येतात. 54 आणि 38 यांतला 16 चा फरक, आणि होम रनचा फरक, एवढीच ओहतानीच्या बॅटची खरी किंमत. होम रनही मोजून घ्या: 599 वेळा प्लेटवर येऊन 44, म्हणजे 216 पैकी जवळपास 16. लीगचा वाटा साधारण साडेतीन वजा केला की कार्डावर साडेबाराच्या आसपास. ही रक्कम मोठी आहे, हे मान्यच.

‘एका जागेत दोन’ या दाव्याचा कणा मात्र वापराच्या मर्यादेवर मोडतो. बहुतेक गंभीर लीगमध्ये खेळाडू प्रत्यक्षात जितका खेळला तितकाच वापरता येतो. 2023 मध्ये ओहतानी 135 सामने खेळला, 23 सामन्यांत स्टार्टर होता आणि त्याने 132 इनिंग टाकल्या. पाच जणांच्या रोटेशनमध्ये (स्टार्टरांच्या आळीपाळीत) एका स्टार्टरच्या वाट्याला सुमारे 32 सामने येतात. उरलेल्या 9 सामन्यांसाठी तुम्हाला सहावा स्टार्टर ठेवावाच लागतो. शिवाय मोसमातल्या 162 पैकी उरलेल्या 27 सामन्यांत डीएच दुसराच. म्हणजे एका कार्डाने वाचवलेली जागा या दोघांनी लगेच खाल्ली. आणि खाल्ली नाही तरी त्या जागेची किंमत काय? संघातल्या सव्विसाव्या कार्डाइतकी, म्हणजे फारच थोडी. दोन चांगले स्टार्टर देऊन ही जागा विकत घेणं हा या सगळ्या हिशेबातला सगळ्यात घातक सल्ला आहे. पिचिंगच्या शेकडो इनिंग हातातून जातात आणि बदल्यात 132 येतात.

डीएचचा प्रश्न ‘आपोआप’ सुटतो, हेही वर्षावर अवलंबून आहे. स्टार्टर स्वतः बॅटिंग करत असेल तर माउंडवरून (पिचरच्या जागेवरून) उतरल्यावरही डीएच म्हणून राहू शकतो, हा नियम 2022 मध्ये आला. 2021 च्या नियमांनी खेळत असाल तर तो पिच करताना बॅटिंगलाही उतरला की डीएचची जागा जाते. त्याला बाहेर काढलं की त्याच्या क्रमांकावर नवा पिचर किंवा पिंच हिटर (बदली बॅटर) येतो. बॅट वाचवायची तर त्याला आउटफील्डमध्ये पाठवावं लागतं, जसं त्या वर्षी काही वेळा झालं. थकव्याचंही भान हवं. थकलेल्या पिचरच्या कार्डावर टिंब असलेले निकाल सिंगल (एका बेसचे हिट) होतात. 2021 च्या नियमांत बॅट गमवायची नाही म्हणून त्याला एक इनिंग जास्त ठेवण्याचा मोह होतो, आणि तिथेच सामने जातात.

‘2023 चंच कार्ड सर्वोत्तम’ हा आणखी एक ठाम समज. बॅटिंगमध्ये ऑन-बेसपुरता खरा आहे. पिचिंगसाठी 2022 चं कार्ड काढा. त्या वर्षी 660 बॅटरांविरुद्ध 219 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकने बाद), 44 वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस), 14 होम रन, 166 इनिंग. वरच्याच पद्धतीने पिचरच्या 108 शक्यतांपैकी सुमारे 47 स्ट्राइकआउट निघतात. प्रत्येक पिचरच्या कार्डावर 30 शक्यता ‘एक्स’च्या असतात, ज्या क्षेत्ररक्षकाच्या रेंजवर ठरतात. 47 आणि 30 मिळून 77. उरलेल्या 31 मध्येच बाकी सगळं: वॉक साडेपाच, होम रन जेमतेम दीड. 2023 मध्ये वॉक 13 वर आणि होम रन जवळपास 4 वर जातात. उलट बाजूही सांगायला हवी: होम रन सोडून बाकीचे हिट 2023 मध्ये कमी होते, 216 पैकी 36 वरून 27 वर. त्यामुळे हिट आणि वॉक मिळून बेसवर जाणारे बॅटर दोन्ही वर्षी जवळपास सारखेच. पण लहान मैदानात खेळणाऱ्या संघाला होम रनचा फरक जड जातो, आणि 34 इनिंगचा फरक तर प्रत्येक संघाला.

पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या बेब रूथच्या 1918 च्या कार्डाशी केली जाणारी तुलना थोडक्यात आटपते. रूथनेही त्या वर्षी 166 इनिंगच टाकल्या, पण स्ट्राइकआउट फक्त 40. म्हणजे त्याच्या कार्डावर चेंडू सतत मैदानात जाणार. कमजोर शॉर्टस्टॉपचा फटका मात्र दोन्ही कार्डांना सारखाच: एक्सच्या 30 पैकी 7 एकट्या शॉर्टस्टॉपकडे आणि 6 सेकंड बेसकडे जातात. त्याउलट रूथ आउटफील्डमध्ये आणि पहिल्या बेसवर उभा राहू शकतो, डीएच अडवत नाही. दोन्ही कार्डं एकाच तराजूत तोलायची नाहीत.

एपीबीए (कार्डं आणि फाशांचा असाच दुसरा बेसबॉल खेळ) खेळणाऱ्यांनी तर हा हिशेब जसाच्या तसा उचलूच नये. तिथे दर वेळी बॅटरचंच कार्ड वाचलं जातं आणि पिचरची श्रेणी मुख्यतः काही ठरावीक हिट क्रमांकांचे निकाल बदलते, म्हणून ओहतानीच्या बॅटचं वजन तिथे वाढतं.

सौदा पक्का करण्याआधी लीगच्या नियमांत दोन गोष्टी लेखी बघून घ्या. सामने आणि इनिंगची मर्यादा बॅट आणि पिचिंगसाठी वेगवेगळी मोजतात का. आणि बॅटरच्या कार्डावर दुखापत निघाली तर पिचर म्हणूनही तो बाहेर जातो का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर एका फेकीत तुमचा डीएच आणि स्टार्टर दोन्ही जाऊ शकतात, म्हणून किंमत आणखी खाली आणा.