तीनशेला भागून तार कापू नका

हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि त्यानुसार तार विकत आणल्याचेही कळवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश सांगतो की अँटेना बनवण्यासाठी 300 ला मेगाहर्ट्झमधील फ्रिक्वेन्सीने भागावे, येईल तितके मीटर तार कापावी, ती मधोमध तोडून रेडिओ सेटकडे जाणारी कोॲक्स केबल जोडावी. तार तांब्याचीच असावी, लांब झाल्यास उत्तमच, आणि एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांचा मेळ दाखवणारे गुणोत्तर) 1:1 आला की अँटेना उत्कृष्ट समजावा.

पहिलीच सूचना सर्वांत घातक आहे. त्या भागाकाराने तरंगलांबी मिळते, एवढे बरोबर आहे. परंतु असा मधोमध तोडलेल्या तारेचा साधा अँटेना, म्हणजे डायपोल, अर्ध्या तरंगलांबीचा असतो. 145 मेगाहर्ट्झसाठी संदेशाप्रमाणे 2.07 मीटर तार घेतली, तर तिच्या मध्यावर प्रवाह अत्यल्प आणि व्होल्टेज मोठे असते, त्यामुळे बारीक तारेचा तेथील इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) हजारो ओहमपर्यंत जातो. त्याला 50 ओहमची केबल जोडल्यावर बहुतेक शक्ती सेटकडे परत फिरते. चांगला सेट अशा वेळी स्वतःच शक्ती कमी करतो. संरक्षण नसलेल्या स्वस्त सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो, आणि शिकाऊ मुलगा मात्र दोष सेटला देत बसतो.

बरे, 300 ऐवजी 150 घेतले तरी हिशेब पुरा होत नाही. जॉन क्राउस यांच्या अँटेनाविषयक प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात बारीक तारेच्या नेमक्या अर्धतरंग डायपोलचा इम्पिडन्स 73 ओहम रोध आणि त्यासोबत 42.5 ओहम इंडक्टिव्ह रिॲक्टन्स, म्हणजे तारेने कॉइलसारखा केलेला विरोध, असा दिला आहे. ही रिॲक्टन्स घालवण्यासाठी तार काही टक्के आखूड करावी लागते, म्हणून व्यवहारात 143 ला भागतात. 145 मेगाहर्ट्झला एकूण 98.6 सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे 49, तर 7.1 मेगाहर्ट्झला 21.13 ऐवजी 20.14 मीटर. हा 143 चा आकडाही अंतिम नाही: तारेची जाडी, तिच्यावरील पीव्हीसीचे आवरण, जमिनीपासूनची उंची, शेजारची लोखंडी टाकी या सर्वांनी तो सरकतो. तार थोडी जास्तच कापावी, टांगून मोजावे आणि दोन्ही टोकांकडून सारखी कमी करावी. अनुनाद (रिॲक्टन्स शून्य होते ती फ्रिक्वेन्सी) 7.1 ऐवजी 7.0 मेगाहर्ट्झवर आला, तर प्रत्येक टोकाकडून साधारण 14 सेंटीमीटर छाटावे लागतात.

तांब्याचा आग्रह निराधार आहे. घरांच्या छपरांवर वर्षानुवर्षे उभे असलेले टीव्हीचे यागी अँटेना ॲल्युमिनियमचेच होते.

‘लांब तार उत्तम’ हे केवळ ऐकण्यापुरते अर्धे खरे मानता येईल. खिडकीबाहेर दहा-पंधरा मीटर तार सोडल्यास शॉर्टवेव्हवर अधिक केंद्रे लागतात, आणि आकाशवाणी पुण्याच्या 792 किलोहर्ट्झची अर्धी तरंगलांबी सुमारे 189 मीटर असूनही ते केंद्र सेटमधल्या वीतभर फेराइट दांडीवर ऐकू येते. प्रसारण करताना मात्र ही मोकळीक नसते.

राहिला एसडब्ल्यूआर. अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे चाचणीसाठीचा रोध, जोडला तर मीटर 1:1 दाखवतो, पण तो लोड शक्तीची नुसती उष्णता करतो. मीटर फक्त केबल आणि भार यांचा मेळ सांगतो. तार किती प्रक्षेपण करते, हे त्यावरून कळत नाही.