चारशेत बेचाळीस नग!

१४ एमएमचा पाना तिसऱ्यांदा फाकला! तरी आमच्या शेठना फुटपाथवरचाच पान्यांचा सेट पाहिजे. "चारशेत बेचाळीस नग!" बेचाळीस नग घेऊन काय रुखवत मांडायचाय? रोज लागतात १०, १२, १४, १७. बाकीचे पेटीत झोपा काढतात. वर ठसठशीत छाप 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे म्हणे दणकट पोलाद. व्हॅनेडियम राहू दे, निदान लोखंड तरी धड असू दे की! पाना घसरला, नटाचे सहाही कोपरे गोल. मग छिन्नी, मग वेल्डिंगवाला. त्याचे पैसे कोण मोजतं? माझ्या बोटांची सालटी गेली ती फुकटात. दूरदूर कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) पाठवणारं हे कोल्हापूर, आणि कारखान्यांच्या भर उद्यमनगरात आम्ही नट सोडवतोय छिन्नीनं! उद्या म्हणतील, दातानं सोडव. मिसळीला तिसऱ्यांदा कट मागताना शेठना बरी काटकसर आठवत नाही?