टाके किती, काढायचे कधी, एवढं तरी लिहा

डोकं फिरलंय आज. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

पोराला ताप म्हणून तासगावात एका दवाखान्यात नंबर लावून बसले होते. आतनं डॉक्टरांचा आवाज, दार सताड उघडं. "तुम्हा लोकांना अक्कल कधी यायची? ब्लेडनं टाके काढतंय का कुणी?" समोर द्राक्षबागेच्या छाटणीच्या टोळीतली बाई. ऑक्टोबर छाटणी जोरात आहे, डाव्या हाताला कात्री लागलेली. या दिवसांत प्रत्येक टोळीत कुणा ना कुणाला लागतेच. तळहात लाल झालेला, एक टाका आत तसाच. बाकावरची माणसं हसली. माझ्या शेजारची चांगली शिकलीसवरलेली बाई म्हणाली, "अडाणीपणा, दुसरं काय."

ती बाहेर आली तसा तिच्या हातातला पहिल्या वेळचा कागद मी मागून घेतला. तीन गोळ्या, एक मलम, खाली सही. टाके किती घातले, कधी काढायचे, एक अक्षर नाही. तोंडी काय सांगितलं होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "आठ-पंधरा दिसानं या म्हणले." आठ का पंधरा? मधे अख्खा आठवडा जातो की राव. आणि तळहाताचे टाके आठव्या दिवशी काढले तर जखम उघडायची भीती असते. हाताच्या-पायाच्या पंज्याला दहा ते चौदा दिवस थांबतात. चेहऱ्याचे तीन ते पाच दिवसांत काढतात, नाहीतर वळ राहतात. डोक्याचे सात ते दहा. हे मला ठाऊक आहे, कारण मी विचारत हिंडले होते. त्या बाईनं कुणाला विचारायचं? मुकादमाला?

आमच्या मामंजींची गोष्ट काहींना माहिती आहे, तरी सांगते.

एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी मांडवाची तार ताणताना सुटली आणि मामंजींच्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मधे, फर्रकन ओढली गेली. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. कागद असाच कोरा. आठवड्यानं गेलो तर डॉक्टर सांगलीला गेलेले. दुसऱ्या दिवशी गेलो, दुपार होईस्तोवर बसलो, तर पट्टी उचलून बघितली आणि "राहू दे अजून दोन दिवस." संपलं. घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "आता मी जात न्हाई. लई झालं." आणि कपाटातनं नेलकटर काढून बसले ओसरीवर!

नशीब, उपकेंद्राची सिस्टर त्याच दुपारी शेजारच्या बाळंतिणीकडे आली होती. तिला ओढत आणली. तिनं जखम दाबून बघितली, पू नाही, सूज नाही, कडा नीट चिकटलेल्या. म्हणाली निघतील. पहिला टाका तिनं काढून दाखवला आणि पुढचे मला काढायला लावले, शेजारी उभं राहून.

कसं ते लिहितेच, कारण हेच कुणी सांगत नाही. आधी हात साबणानं स्वच्छ. बारीक टोकाची कात्री आणि चिमटा पातेल्यात चांगला उकळून घेतलेला. चिमट्यानं गाठ हलकेच वर उचलायची, की गाठीखाली दोरा कातडीतनं जरासा वर येतो. आत होता तेवढा भाग ओलसर, स्वच्छ दिसतो. त्या ठिकाणी, अगदी कातडीलगत, एकाच बाजूनं कापायचं आणि गाठ धरून जखमेच्या दिशेनं ओढायचं. दोन्ही बाजूंनी कापलं तर मधला तुकडा आतच राहतो. आणि लांबून कापलं तर बाहेर राहिलेला, दहा दिवस धूळ-घाम खाल्लेला दोरा मांसातनं ओढला जातो. पिकायला एवढं पुरतं. पहिल्यांदा एकाआड एक काढायचे. मधेच जखम फाकतेय असं वाटलं तर थांबायचं, उरलेले राहू द्यायचे आणि गुमान डॉक्टरकडे जायचं.

मामंजी तोंड फिरवून टीव्ही बघत होते. आवाज बंद होता टीव्हीचा.

पाच निघाले. सिस्टरनं विचारलं, "घातले किती होते?" मी कागद बघतेय, कागदावर काय असणार डोंबल. मामंजी तिकडंच तोंड करून म्हणाले, "सहा. प्रत्येक टोच मोजलाय मी." सहावा खपलीखाली लपला होता. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून खपलीवर धरला, ती मऊ पडली, मग काळं टोक दिसलं. मामंजींनी मोजले नसते तर तो आतच राहिला असता. आज त्या बाईचा राहिला तसा. मग अडाणी कोण, मोजून न देणारा का मोजता न आलेली?

आता तुमचं येणारच, "सरकारी दवाखान्यात फुकट आहे, तिकडं जायचं." आहे ना, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत, चांगलंच झालं. पण टोळीचं काम उक्तं असतं. सगळ्यांनी मिळून एकराचं घेतलेलं. एक जण कमी झाला की बाकीच्यांची तोंडं वाकडी. हजेरी बुडवून दोन मिनिटांच्या कामासाठी सकाळ घालवायची, तीसुद्धा "नंतर या" ऐकायला? ते फुकट कसं?

हां, सगळेच टाके घरी काढायचे नसतात. चेहरा, डोळ्याजवळचं, गुडघा-कोपरासारखा सांधा, शुगरवाला माणूस, लहान पोर, ऑपरेशनचे टाके, पिनांचे टाके, आणि जखम लाल, गरम, ठणकती किंवा पाणी सुटलेली असली की सरळ डॉक्टर. तळहातसुद्धा त्यातच धरा. मान्य. आणि ब्लेडनं तर नाहीच नाही.

रीलवाल्यांवर मात्र मला कीव येत नाही, रागच येतो. "टाके काढायची सोप्पी ट्रिक", मागे गाणं, हातात नेलकटर. कात्री उकळलेली दाखवत नाहीत, कोणत्या दिवशी ते सांगत नाहीत. लोक ते बघून करतात कारण बघायला दुसरं काही नाही. एक ताई तर जखमेत हळद भरा म्हणत होती. अहो, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते बाजारासाठी. जखमेत कोंबायला नव्हे.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. डॉक्टरांचंही दिसतं मला. बाहेर पन्नास माणसं, एकाला तीन मिनिटं, त्यात समोरचा अर्धं ऐकतो. मामंजीच बघा ना. टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला निघाले. म्हणे बरं झालं. सिस्टरनं सांगून ठेवलं होतं की टाके निघाले म्हणजे आतनं सगळं जुळलं असं नसतं. दोन-तीन आठवड्यांत कातडीला मूळच्या ताकदीचा थोडासाच वाटा आलेला असतो, आणि कितीही महिने गेले तरी फार तर ऐंशी टक्के येते. ऐकतंय कोण. सासूबाईंनी पंपाची किल्ली लपवली तेव्हा कुठं बसले. तर अशी माणसं रोज समोर आल्यावर डॉक्टरचा आवाज चढत असेल, चढू दे. पण चारचौघांत एका मजूर बाईची अक्कल काढायची, आणि तिला दिलेल्या कागदावर दोन ओळी लिहायच्या नाहीत, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही, माहिती आहे, नाहीतर माझ्या मित्रयादीत नसता.

आणि हो, कुठले टाके आपोआप विरघळणारे आणि कुठले काढायचे, तेही कागदावर असावं. आमच्या भावकीत एक जण विरघळणाऱ्या टाक्यांसाठी दोनदा मिरजेला जाऊन आला. मिरज! अख्खा जिल्हा, शेजारचं कर्नाटक तिथं दवाखान्याला येतं, आणि हा गडी आपोआप जाणारी गोष्ट काढून घ्यायला.

माझ्या यादीत चार-पाच डॉक्टर आहेत, वाचताय मला माहिती आहे. एक रबरी शिक्का करून घ्या. "टाके एकूण ___. काढायची तारीख ___. आपोआप विरघळणारे: हो / नाही." मराठीत. रिकाम्या जागा कंपाउंडरनं भरल्या तरी चालेल. बाजारात शिक्केवाला बसतो, संध्याकाळपर्यंत करून देतो. ज्याला पाहिजे त्यानं इनबॉक्समध्ये कळवा, पैसे मी देते.